अबोल्यातली सुई

नवराबायकोचा अबोला घरापुरता असला तर फारसं बिघडत नाही. जेवणात मीठ जास्त पडतं, भांडी जरा जोरात आपटतात आणि चार दिवसांत गाडी रुळावर येते. पण दोघांचा धंदा एकच असेल, आणि त्या धंद्यात हातभर लांबीची सुई असेल, तर अबोला जरा बेतानं धरावा. हे शहाणपण टाचणीला सुचलं खरं, पण सुई नवऱ्याच्या छातीत शिरल्यावर.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. जिभेची धार पाहून गल्लीनं ठेवलेलं ते नाव, आणि तिनं ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलं. नवऱ्याला गल्ली तक्क्या म्हणायची. तो होताच तसा, गोल, मऊ, टेकवाल तिथं बसणारा. दोघं मिळून खुर्च्या आणि सोफे मढवायची. दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. तिच्यात काथ्या, कापूस, गोणपाट आणि फोम इतका भरलेला की उभं राहायला जागा शोधावी लागे, आणि पडलात तर लागायची मात्र अजिबात भीती नाही.

उंच पाठीच्या खुर्चीला खोल बटणं बसवायची म्हणजे दोन माणसं लागतात. एक पुढं, एक मागं. मधे खुर्चीची जाडजूड पाठ, म्हणून एकमेकांचं तोंड दिसत नाही. सुई दोन्ही टोकांना अणकुचीदार असते, म्हणजे ती उलटी न फिरवता पुढून मागं आणि मागून पुढं ढकलता येते. सुई घुसवण्याआधी घुसवणाऱ्यानं म्हणायचं, "सुई." पलीकडच्यानं हात, तोंड, पोट सगळं बाजूला घेऊन म्हणायचं, "दे." मगच ढकलायची. या दोन शब्दांवर त्यांचा संसार इतकी वर्षं चालला होता, आणि खरं सांगायचं तर काही दिवस या दोन शब्दांपलीकडे दोघं फारसं काही बोलतही नसत.

भांडण झालं ते तिच्या खुर्चीवरून. दुकानाच्या कोपऱ्यात टाचणीची स्वतःची एक खुर्ची होती. उरल्यासुरल्या कापडाची ठिगळं जोडून, दुपारी पाठ टेकायला म्हणून तिनं सवडीनं बनवलेली. ती कापड आणायला बाजारात गेली असताना तक्क्यानं ती एका गिऱ्हाईकबाईला विकून टाकली. विचारलं नाही, सांगितलं नाही. टाचणी परत आली तेव्हा कोपऱ्यात खुर्चीच्या चार पायांचे चार ठसे तेवढे राहिले होते. तिनं एकदा ठशांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि तोंड मिटलं. टाचणीनं तोंड मिटलं म्हणजे काय, हे गल्लीतल्या कुणालाही विचारा. ती बोलते तेव्हा टोचतं, पण गप्प बसली की रक्तच निघतं.

काम तर थांबवता येत नव्हतं. मग "सुई" आणि "दे" यांच्या जागी टकटक आली. तिनं बोटातल्या अंगुस्तानानं खुर्चीच्या लाकडावर एकदा वाजवायचं, त्यानं मागून एकदा वाजवून होकार द्यायचा. पहिल्या दिवशी हे नीट जमलं, तेव्हा आपण किती मानी आहोत असं वाटून टाचणीला मनातून गुदगुल्याच झाल्या.

मग ती सकाळ आली. तिनं टक् केलं. त्याच वेळी तक्क्याच्या हातून खडू पडला. तो उचलायला तो वाकला आणि त्याचा बूट खुर्चीच्या पायावर आपटला. तिला पलीकडून टक् ऐकू आलं. ती रागात होतीच. ठिगळांची खुर्ची आठवून तिनं सुई अशी दाबली की दोन बटणांचं काम एका दणक्यात व्हावं. आणि खुर्ची कलंडू नये म्हणून खडू घेऊन उठता उठता तक्क्यानं पाठीला छाती टेकवली.

काथ्यातून सुई कशी जाते, कापसातून कशी, गोणपाट फोडताना कशी किंचित अडते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. शेवटी सुईला जे लागलं ते यांतलं काहीच नव्हतं.

मागून चार दिवसांतला पहिला शब्द आला. "अगं."

ती बोलली नाही. जुनी खोड.

"अगं," तक्क्या अगदी शांतपणे म्हणाला, "सुई माझ्यात आलीय."

तिचा हात सुईवर होता, आणि या धंद्यात हाताला एकच गोष्ट शिकवलेली असते. सुई चुकली की त्याच भोकातून सरळ मागं ओढायची, कापड ताणायच्या आत. तक्क्याही तेच म्हणाला. ओढ मागं, पटकन, मी दात आवळतो. तिनं मूठ आवळलीसुद्धा. आणि नेमका त्याच क्षणी तिला आपल्या नणंदेचा आवाज ऐकू आला.

नणंद होती ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. दर रविवारी जेवायला यायची आणि जेवता जेवता जखमांविषयी बोलायची. वन्सं ताटात जखमा वाढतात, असं टाचणी तिच्यामागं म्हणायची. पण कान सोनारानंच टोचावेत म्हणतात ते काही खोटं नाही. इतक्या रविवारांत टोचलेलं आत कुठंतरी राहिलं होतं. अंगात घुसलेली वस्तू, चाकू असो, सळई असो, काचेचा तुकडा असो, ती जागेवरच ठेवायची. ती बाटलीला लावलेलं बूच असते, वहिनी. बूच काढलं की बाटली रिकामी.

टाचणीनं मूठ सैल केली, पण सुई सोडली नाही.

"ओढणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही हलू नका. खुर्चीला मिठी मारा आणि तसेच राहा."

"चार दिवस बोलली नाहीस," पलीकडून आवाज आला, "आणि आता मिठी मारा म्हणतेस."

शेजारचा चाव्यावाला आवाज ऐकून आला. त्यानं मागं जाऊन पाहिलं. तक्क्याच्या उजव्या खांद्याच्या जरा आत, हाडाखाली, सुई शर्टातून आत गेलेली, आणि शर्टावर रक्ताचा एवढासा ठिपका. एवढंच ना, म्हणत त्यानं खिशातून पक्कड काढली. पायात काटा गेला तर आपण रुग्णालय गाठतो का, असा त्याचा सवाल. टाचणीनं त्याला अशा शब्दांत उत्तर दिलं की पक्कड खिशात परत गेली आणि फोन बाहेर आला. त्याच फोनवरून तिनं त्याला आधी रुग्णवाहिका बोलवायला लावली, मग नणंदेला फोन लावून तो आपल्या कानाशी धरायला लावला.

नणंदेनं विचारलं, दादाला आडवं केलंय का. नाही, ते खुर्चीला चिकटलेत. कोणत्या खुर्चीला? गिऱ्हाइकाच्या. मग सिस्टर जी सुरू झाली ती थांबली नाही. सुई इकडची तिकडे होता कामा नये. खुर्ची आणि माणूस वेगळे करायला जाऊ नका. मागून छाती आणि खुर्ची यांच्या मधे, सुईच्या चहूबाजूंनी स्वच्छ कापड लावा आणि वर काहीतरी मऊ ठासून भरा, पण सुईवर दाब नको. बाहेर थेंब दिसतो म्हणून आतही थेंबच असेल असं मुळीच नाही. खायला प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. ओठ निळे पडले, श्वास लागला, हाताची बोटं गार पडली तर लगेच सांगा. वहिनी, घरात काही मऊ आहे का?

टाचणीनं कापूस आणि फोमनं छतापर्यंत भरलेल्या दुकानाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

ते काही आनंदाचं हसू नव्हतं. घाबरल्यावर काहींना रडू येतं, काहींना हसू, तसं. पण हसू हा रोग लागट. पलीकडे तक्क्याचं पोट हललं, पोटानं खुर्ची हलली, आणि तिच्या मुठीतली सुई थरथरली. तो "आई गं" म्हणाला. टाचणीचं हसू जागच्या जागी गोठलं. आता तिला कळलं की पक्कडीपेक्षा मोठा धोका या खोलीत कुठला आहे. तिचा नवरा हसरा होता आणि ती चार दिवस बोलली नव्हती. म्हणजे चार दिवसांचे विनोद त्याच्या पोटात तुंबून होते.

"एकही विनोद करायचा नाही," तिनं बजावलं.

"बरं. मी खुर्चीवर नाही, खुर्ची माझ्यावर..."

"अहो!"

रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या माणसानं आत पाऊल टाकलं आणि विचारलं, पेशंट कोण, माणूस की खुर्ची? चाव्यावाल्यानं दोघांकडे बोट दाखवलं. तक्क्या अर्धवट वाकला होता तसाच ठेवून त्याच्याखाली मागून स्टूल सरकवलं होतं. कापसानं आणि फोमनं त्याच्या आणि खुर्चीच्या मधली फट अशी भरली होती की तो खुर्चीचाच एक फुगलेला भाग वाटावा. गाडीतलं स्ट्रेचर काढून जागा केली, चार जणांनी खुर्ची उचलली, दोघांनी स्टूल. टाचणी पुढून खुर्चीवर गुडघे टेकून बसली, सुई धरून. "एक, दोन, उचला" म्हणत वरात दाराबाहेर पडली. गल्ली बघायला लोटली. कुणीतरी विचारलं, नवी खुर्ची का? चाव्यावाला म्हणाला, हो, कारागिरासकट मिळते.

गाडीच्या मागच्या भागात खुर्ची मावली, पण एका बाजूनंच. तक्क्याचं तोंड दाराकडे, टाचणीचं ड्रायव्हरकडे. मधे पाठ. प्रत्येक खड्ड्याला ती श्वास धरायची, तोही धरायचा. चाव्यावाल्यानं मोठ्या आवाजावर लावून दिलेल्या फोनवर नणंद होतीच. ती दर थोड्या वेळानं विचारी, दादा, बोटं हलतात का? दादा सांगे, हलतात. दादा, दम लागतो का? लागतो, पण तो वहिनीच्या धाकानं.

मग गाडी सिग्नलला थांबली आणि तो अचानक म्हणाला, "तुझी खुर्ची मी पैशांसाठी नाही दिली."

टाचणी गप्प. पण हे गप्प बसणं वेगळं होतं, आणि ते तसं आहे हे पाठीपलीकडून त्याला कळलंही असावं.

"ती बाई बसली, आणि उठेचना. म्हणाली, ही ज्यानं बनवली त्याला माणूस थकतो कसा ते कळतं. मी म्हटलं, माझ्या बायकोनं बनवली. ती म्हणाली, मग मला हीच द्या. मला इतकं भरून आलं गं, की मी देऊनच टाकली. वाटलं, तुला सांगेन तेव्हा तू फुशारशील."

"मला विचारायचंत," टाचणी म्हणाली. "तोंडानं. मी दिली असती. कुरकुरले असते, पण दिली असती."

"चुकलं."

"माझं पण." आणि एवढं बोलून तिला जे रडू आलं ते तिनं खुर्चीच्या पाठीत, तिथं जिथं पाचव्या ओळीचं बटण यायचं होतं, पुसून टाकलं.

रुग्णालयाच्या दारात नणंद उभी होती. रविवारी ताटावर रेलून बोलणारी बाई वेगळी आणि ही वेगळी. हिनं एका नजरेत भावाचा रंग पाहिला, मनगट धरलं, दोन्ही हातांची बोटं चाचपली, आणि वहिनीकडे पाहून फक्त मान हलवली. टाचणीला आजवर कुणाच्या मान हलवण्यानं इतका धीर आला नव्हता.

सर्जनबाई बुटक्या, बारीक, आवाज कापडासारखा मऊ. त्यांनी छातीच्या दोन्ही बाजूंना नळी लावून श्वास ऐकला, मग टाचणीला समजावलं. सुईनं बाहेर पाडलेलं भोक टाचणीच्या डोक्याएवढं असलं तरी आतली वाट तिची तिलाच ठाऊक. इथं हाडाखालून हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात, आणि त्यांच्या खाली फुप्फुसाचं टोक. सुई त्यांच्या बाजूनं गेली असेल, किंवा आरपार. आरपार असेल तर ती स्वतःच भोक बंद करून बसलीय. म्हणून ती काढायची ती ऑपरेशन थिएटरमधे, रक्त हाताशी ठेवून, डोळ्यांनी बघत. पण त्याआधी आतला फोटो हवा. आणि फोटोत या खुर्चीच्या स्प्रिंगा आणि खिळे सोडून दुसरं काही दिसायचं नाही. म्हणजे आधी खुर्ची उतरायला हवी, सुई केसभरही न हलता.

कुणी करवत म्हणालं. करवतीनं सगळं हादरेल, म्हणून ती बाद झाली. सर्जनबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग टाचणीकडे.

"ही शिवली कुणी?"

"पुढून मी. मागून यांनी."

"मग दोघांनी मिळून उसवा. सुई मी धरते."

उसवणं हे शिवण्याहून अवघड काम, कारण शिवताना पुढं काय यायचंय ते ठाऊक असतं. सर्जनबाईंनी कातडीजवळ सुई चिमट्यानं पक्की धरली, नणंद भावाला मागून टेकू देऊन उभी राहिली. टाचणीनं नेहमी कमरेला असणारी आपली कात्री उकळत्या पाण्यातून काढून घेतली आणि खुर्चीचं वरचं कापड कापलं. चार दिवस खपून बसवलेलं, एकही सुरकुती नसलेलं कापड. तिला जराही वाईट वाटलं नाही. मग कापूस, चिमटीचिमटीनं, सुईपासून दूर ओढत. मग काथ्या. काथ्या सुईला धरून बसतो. एक एक दोरा कात्रीनं कापून सोडवावा लागला. मागच्या गाठी तिला दिसत नव्हत्या. त्या त्याच्या हातच्या.

"तिसऱ्या ओळीतली गाठ सरकती आहे," तक्क्या हळूच सांगे. "टोक खाली लटकतंय, ते ओढलंस की सुटेल. डावीकडची नको, ती मी रागात मारलीय, ती कापावीच लागेल."

"तुम्ही कशाला रागात होतात?"

"तू बोलत नव्हतीस म्हणून."

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. सर्जनबाईंनी त्या दिशेनं नुसतं पाहिलं.

शेवटी गोणपाटाचा एकच पट्टा उरला. तो कापला की खुर्ची सुटणार. टाचणीनं कात्री टेकवली आणि सवयीनं म्हणाली, "सुई."

पलीकडून उत्तर आलं नाही.

"सुई," ती पुन्हा म्हणाली.

काही नाही. चार दिवस ज्या शांततेचा तिला एवढा अभिमान होता, तीच आता तिच्या मानगुटीवर येऊन बसली. ओठ निळे पडले, श्वास लागला, बोटं गार पडली, सगळी यादी तिच्या डोळ्यांपुढून गेली. पाठीपलीकडे नवरा होता की नुसता त्याचा भार, हे तिला दिसत नव्हतं. तिला त्या क्षणी कुठलीही खुर्ची नको होती, मान नको होता. मागून एक शब्द हवा होता, मग तो किती का रद्दी विनोद असेना.

"अहो, बोला ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मी त्यांना श्वास रोखायला सांगितलंय," सर्जनबाई म्हणाल्या. "सोडा आता. बोला."

"दे," तक्क्या म्हणाला.

तिनं कापलं. दोन वॉर्डबॉयनी खुर्ची पुढं ओढली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं तोंड समोरासमोर पाहिलं. गोल, घामेजलेलं, मिशीत कापूस अडकलेलं. तो हसला नाही. डोळ्यांनी मात्र हसला, आणि तेवढ्याला परवानगी होती.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, फोटो झाले, आणि त्याला आत नेलं. टाचणी बाहेरच्या लोखंडी बाकावर बसली. बाक इतका वाईट होता की त्याला किती फोम लागेल याचा हिशेब करत तिनं बराच वेळ काढला. मग नणंद बाहेर आली. मोठ्या शिरेला सुईनं ओरखडा काढला होता, आणि ओरखड्याला स्वतःच टेकून बसली होती. बाईंनी शीर आधी दोन्ही बाजूंनी धरली, मग सुई काढली, मग दोन टाके घातले. फुप्फुस वाचलं, बोटभर अंतरानं, आणि ते बोट दादाच्या चरबीचं होतं. दुकानात ओढली असतीत तर, एवढं बोलून नणंद थांबली. इतक्या वर्षांत तिनं एक वाक्य अर्धवट सोडलं ते हेच. टाचणीनं तिला घट्ट धरलं आणि म्हणाली, रविवारी या, वन्सं. काय वाढायचं ते वाढा.

संध्याकाळी तिला आत सोडलं. तक्क्या डोळे मिटून पडला होता, खांद्याला पट्टी. तिनं हाक मारली. तो बोलला नाही. पुन्हा मारली. पलंगाच्या दांडीवर त्याच्या नखानं एकदा आवाज केला. टक्.

"टकटक बंद," टाचणी म्हणाली. "आजपासून तोंडानं."

"घशात नळी होती," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आवाज फुटत नाही."

"फुटेल तेवढा फोडा."

तेवढ्यात नणंद दुखण्यावरचं इंजेक्शन घेऊन आली. तिनं भावाची बाही वर सारली आणि म्हणाली, दादा, सुई. तक्क्यानं होता तेवढा सगळा आवाज एकवटून, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, म्हटलं, "दे."

टाचणीनं मात्र आधी वाकून पाहिलं, दंडाच्या पलीकडे कुणी छाती टेकून उभं नाही ना.